मागील चाकाचा परधर्म

दुचाकीच्या दोन चाकांपैकी पुढचे चाक दिशा ठरवते आणि मागचे चाक झिजते, ही श्रमविभागणी मोटरसायकल जन्माला आल्यापासून फारशी बदललेली नाही. इंजिनाची सगळी ओढ, मागे बसलेल्या माणसाचे वजन, त्याच्या मांडीवरचे मूल, मुलाच्या हातातली पिशवी आणि कॅरिअरला आवळलेली तांदळाची गोणी हे सर्व मागच्या टायरच्या वाट्याला येत असल्याने तो पुढच्याच्या कितीतरी आधी गुळगुळीत होतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘टायर गोटा झाला’ असे म्हणतात. मग मालकापुढे नव्या टायरचा खर्च उभा राहतो, आणि खर्च उभा राहिला की माणसाची संशोधकबुद्धी जागी होते. या जागृतीतूनच जगाच्या काही भागांत असा एक पंथ निर्माण झाला आहे की ज्याचे अनुयायी मोटरसायकलच्या मागच्या चाकाला चक्क मोटारीचा टायर बसवतात, त्यावर हजारो किलोमीटर फिरतात आणि आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून स्वतःलाच धडधाकट हजर करतात. हा पंथ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, त्यातही मालवण किनाऱ्यावर, का रुजू शकला नाही, आणि त्याच्या जागी तिथे कोणकोणते उद्योग चालत आले, हा या लेखाचा विषय आहे.

पंथाचे आद्यपीठ अमेरिकेत असून होंडा गोल्ड विंग ही मोटरसायकल त्याचे आराध्यदैवत आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी अंगाने भरत भरत २००१ साली सहा सिलिंडर आणि १,८३२ सीसी इंजिनापर्यंत पोचली; वजन चारशे किलोच्या आसपास, गाणी ऐकण्याची सोय, मागच्या माणसाला रेलून बसण्याची सोय, इतकेच काय, गाडी उलटी मागे घेण्याचीही सोय असल्यामुळे तिला मोटरसायकल म्हणणे हा निव्वळ चाके मोजणाऱ्याचा हट्ट ठरतो. एवढा भार वाहणारा तिचा १८०/६० आर १६ मापाचा मागचा टायर पंधरा-वीस हजार किलोमीटरांत उतरतो. उलट जवळजवळ त्याच उंचीचा, १९५/५५ आर १६ मापाचा मोटारीचा टायर त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकतो आणि स्वस्तही पडतो, असा हिशेब तिथल्या काही चालकांनी मांडला. ज्या देशात रस्ता सकाळी सरळ निघतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत वळण्याचा विचारही करत नाही, त्या देशात असा हिशेब सुचणे स्वाभाविकच होते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांत सन्मार्ग सोडून दुष्टांना मिळालेल्यांविषयी जो शब्दप्रयोग केला जातो, तोच या मंडळींनी स्वतःला लावून घेतला आणि आपण ‘काळ्या बाजूला’ गेलो असे ते अभिमानाने सांगू लागले. मोटरसायकल बनवणाऱ्या आणि टायर बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र हा प्रकार मुळीच मान्य नाही, आणि एरवी प्रत्येक बिघाडाचे खापर एकमेकींवर फोडणाऱ्या या दोन धंद्यांचे एखाद्या मुद्द्यावर मतैक्य व्हावे, ही घटना पंथाच्या अनुयायांनी वाटते त्याहून गंभीरपणे घ्यायला हवी होती.

मतभेदाचे मूळ टायरच्या आकारात आहे. मोटार वळताना चारही चाकांवर जवळपास ताठ राहते, म्हणून तिच्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग, म्हणजे ‘ट्रेड’, आडवा सपाट असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना, ज्यांना टायरचे खांदे म्हणतात, जवळजवळ काटकोन असतो. मोटरसायकल वळायची तर ती कलंडावीच लागते. त्यासाठी तिच्या टायरचा आडवा छेद गोलाकार ठेवलेला असतो, म्हणजे गाडी कोणत्याही कोनात झुकली तरी रबराचा साधारण तेवढाच तुकडा रस्त्याला धरून राहतो. ओटीवर ठेवलेला नारळ कसाही लोळवला तरी त्याला टेकायला जागा सापडते, पण पाट तिरका केला की तो एका कडेवर उभा राहतो. दोन टायरांतला फरक एवढाच आहे. मोटारीचा टायर लावलेली मोटरसायकल वळणावर झुकू लागली की तो सपाट टायर तिला पुन्हा ताठ उभी करू पाहतो, आणि चालकाला संपूर्ण वळणभर हँडलवर जोर देत तिला समजूत घालावी लागते. पंथातील जाणकार ही गोष्ट नाकारत नाहीत. थोड्या सवयीने जमते, असे ते म्हणतात. थोड्या सवयीने काय जमत नाही, हा प्रश्न इथे बाजूला ठेवणे बरे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतल्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचे एकेक कडे गुंफलेले असते, त्याला ‘बीड’ म्हणतात, आणि हवेच्या दाबाने हे बीड रिमच्या खाचेत घट्ट बसले की टायर रिमला धरून राहतो. मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या रिमची ही बैठक वेगवेगळ्या घडणीची असते, त्यामुळे मापाचा आकडा जुळला तरी बीड बसेलच असे नाही, आणि ते बसावे म्हणून हवा वाढवत नेली तर बसण्याऐवजी फुटण्याचा संभव असतो. तिसरी अडचण साखळीची. गोल्ड विंगच्या मागच्या चाकाला ताकद दांड्यातून मिळते, तिथे साखळीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना मात्र साखळी असते, आणि रुंद टायर बसवला की तो एका अंगाला चेनला आणि दुसऱ्या अंगाला चिमट्याला घासू लागतो. चिमटा म्हणजे मागचे चाक ज्या दोन बाहूंमध्ये धरलेले असते तो भाग.

हा सिद्धांत सिंधुदुर्गात आणला की प्रथम आडवे येते ते अंकगणित. जिल्ह्यातील कोणत्याही वाडीत सहज आढळणाऱ्या जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरचा टायर २.७५-१८ मापाचा असतो, म्हणजे तो पावणेतीन इंच रुंद असून अठरा इंच व्यासाच्या रिमवर बसतो. शेजारच्या मांगरात उभ्या असलेल्या मारुती अल्टोचा टायर १४५/८० आर १२, म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, ‘आर’ हे रेडियल बांधणीचे अक्षर आणि रिम बारा इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदवणारी ही लिपी ज्याने ठरवली त्याने सर्वधर्मसमभावाचा वेगळा अभ्यास केला असणार. मात्र बारा आणि अठरा यांच्यामध्ये सहा इंचांची जी दरी आहे ती कोणत्याही समभावाने बुजत नाही, आणि त्यामुळे स्प्लेंडरचा मालक कितीही धाडसी असला तरी तो जन्मतःच या पंथाबाहेर राहतो. अठरा इंची रिमचे टायर मोठ्या एसयूव्ही गाड्यांना असतात खरे, पण त्यांची रुंदी दोनशे मिलिमीटरच्या वर जाते, आणि असा टायर स्प्लेंडरला बसवायचा तर आधी स्प्लेंडर काढून बाजूला ठेवावी लागेल.

व्यासापुरता विचार केला तर टीव्हीएस ज्युपिटर स्कूटरचा ९०/९०-१२ आणि टाटा नॅनोच्या पुढच्या चाकाचा १३५/७० आर १२ यांची पत्रिका जुळते. परंतु ४५ मिलिमीटरांची जास्तीची रुंदी मावायला स्कूटरच्या मागच्या चाकाशेजारी जागाच नसते, कारण तिथे इंजिन आधीपासून बिऱ्हाड करून असते. खरा उमेदवार म्हणावा असा एकच, बजाज ॲव्हेंजर २२०. तिचे मागचे चाक पंधरा इंची आणि टायर १३०/९०-१५. पंधरा इंची रिमच्या मोटारी तर रस्त्यावर जागोजागी दिसतात, मात्र त्यांच्या टायरांची रुंदी सहसा १७५ मिलिमीटरपासून पुढे सुरू होते. म्हणजे प्रश्न ४५ मिलिमीटरांचा, आणि आपल्याकडच्या मेस्त्रीने ४५ मिलिमीटरांपुढे हात टेकल्याचे उदाहरण विरळा. तरीही ॲव्हेंजरचे मालक या मार्गाला लागले नाहीत. टेकून बसायची गाडी घेणाऱ्याला दगदग नको असते, हे एक कारण असू शकेल, परंतु मोठे कारण रस्त्याचे आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सरळ रस्ता ही वस्तू अलीकडची. खारेपाटणपासून झारापपर्यंत आणि तिथून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत गेलेला चौपदरी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ सोडला, तर बाकीचे रस्ते डोंगर, व्हाळ, घाटी, देवराई आणि कोणाची तरी न विकलेली जमीन यांना वळसे घालत जातात. कसालहून कट्टा, चौके, कुंभारमाठ करत मालवणला उतरणारा तीसेक किलोमीटरांचा रस्ता घेतला तरी त्यात गाडी ताठ उभी असण्याचे क्षण कमी आणि कुठल्या तरी अंगाला झुकलेली असण्याचे क्षण अधिक. आंबोली, करूळ, भुईबावडा आणि फोंडा या घाटांविषयी तर बोलायलाच नको. चिरेखाणीतून निघालेल्या ट्रकांनी वळणावळणांवर सांडलेला जांभ्याचा बारीक चुरा, त्यावर पावसाची पहिली सर, आणि त्यावर कडेवर उभा राहिलेला सपाट टायर ही सामग्री एकत्र आली की परिणामासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची आवश्यकता उरत नाही.

साइडपट्टीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण अमेरिकेतील पंथीयांच्या वाङ्मयात तिला स्थान असणे शक्य नाही. साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी. ती कागदोपत्री रस्त्याच्या बरोबरीची असली तरी दर पावसाळ्यात खचून डांबराच्या बोटभर-वीतभर खाली जाते. देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या गावात समोरून टेम्पो किंवा पर्यटकांची मोठी गाडी आली की दुचाकीवाल्याने डांबर सोडून खाली उतरावे आणि ती गेली की पुन्हा वर चढावे, असा अलिखित करार आहे. गोल टायर ही पायरी तिरका होऊन चढतो. सपाट आणि रुंद टायर त्या कडेला लागला की कडेच्या कलाने चालू लागतो आणि गाडी कुठे न्यायची याचा निर्णय चालकाकडून डांबराच्या ठेकेदाराकडे जातो.

पावसाच्या बाबतीत दोन्ही पक्षांची बाजू मांडणे न्यायाचे होईल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक आणि आंबोलीत सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पिणाऱ्या जिल्ह्यात टायरने पाण्याशी कसे वागावे हा तात्त्विक मुद्दा नव्हे. मोटारीच्या टायरला खोल खाचा असतात आणि त्या पाणी बाहेर फेकतात, म्हणून तो ओल्या रस्त्यावर उलट चांगली पकड देतो, असे पंथीयांचे म्हणणे. विरुद्ध पक्षाचे उत्तर असे की टायर जितका रुंद आणि सपाट तितके पाणी त्याच्याखालून बाजूला सारायला अधिक अंतर कापावे लागते, आणि ते वेळेत सरले नाही तर टायर रस्ता सोडून पाण्यावरच तरंगू लागतो. शिवाय मोटारीचा टायर पाचशे किलोंच्या आसपासचा भार पेलण्यासाठी घडवलेला असल्याने हलक्या मोटरसायकलखाली तो पुरेसा दबत नाही आणि तापतही नाही, आणि तो टिकतो याचे एक कारण हेच की त्याला काम करावे लागत नाही. काम न करता दीर्घकाळ टिकण्याचा हा गुण इतर क्षेत्रांतही आढळत असला तरी तो विषय वेगळा.

झिजलेल्या टायरकडे जवळून पाहिले तर मालक कोणत्या मुलखातला आहे हे सांगता येते, असे टायरवाले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मुंबई-पुण्याकडून महामार्गाने गोव्याला निघालेल्या मोठ्या मोटरसायकलींचे मागचे टायर पाहावेत. सरळ रस्त्यावर सतत ताठ पळाल्याने त्यांच्या मधोमध चार बोटे रुंद सपाट पट्टा तयार झालेला असतो आणि कडांवर कारखान्यातून आलेले रबराचे बारीक केससुद्धा शिल्लक असतात. म्हणजे शहरी चालक मोटारीचा टायर विकत घेत नाही, तो मोटरसायकलच्या टायरपासूनच तो घरच्या घरी तयार करतो, आणि मग आंबोलीच्या पहिल्या तीव्र वळणावर गाडी वळायला का कुरकुरते याचे त्याला नवल वाटते. मालवण-आचरा भागात रोज फिरणाऱ्या दुचाकीचा टायर याच्या उलट दोन्ही खांद्यांपर्यंत सारखा झिजत जातो आणि गोटा होतानाही गोलच राहतो.

या सर्वांवरून सिंधुदुर्गातील माणूस टायरच्या स्वधर्माचा कट्टर अभिमानी आहे असा निष्कर्ष कोणी काढला तर तो घाईचा ठरेल. परधर्माचा प्रयोग इथेही झाला, आणि तो मोटारीच्या नव्हे तर रिक्षाच्या टायरने झाला. याची वंशावळ सांगणे आवश्यक आहे. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा ही स्कूटर काढली आणि दोनच वर्षांनी तिच्याच मागे दोन चाके व हौदा जोडून आपे ही तीनचाकी काढली. पुढे बजाजने पियाज्जोच्या परवान्यावर आपल्याकडे स्कूटरही बनवली आणि रिक्षाही. म्हणजे स्कूटर आणि रिक्षा ही सख्खी चुलत भावंडे, आणि कोकणात भाऊबंदकीचा इतिहास काहीही असला तरी या दोन घराण्यांत टायरांची देवघेव मोकळेपणाने चालू शकली. बजाज सुपरसारख्या आठ इंची चाकांच्या स्कूटरचा टायर ३.५०-८, रिक्षाचा ४.००-८, रिम एक, रुंदीत अर्ध्या इंचाचा फरक. रिक्षा वळताना कलंडत नाही, किंवा कलंडली तर शेवटचीच, म्हणून तिच्या टायरची घडण सपाटीकडे झुकणारी आणि भार पेलणारी, आणि तो स्कूटरखाली घातला की पुष्कळ दिवस मालकाला त्याची आठवणही येत नसे. अमेरिकेतील गोल्ड विंगवाले ज्या काळ्या बाजूला गाजावाजा करून गेले तिकडे आपल्याकडचा स्कूटरवाला स्टेपनी बदलण्याच्या निमित्ताने जाऊन आला आणि त्याने त्याला काही नावही दिले नाही.

हा प्रयोग इथे खपून गेला याचे शास्त्रीय कारण असे की त्या स्कूटरच्या वेगात कलंडण्याचा कोन बेताचाच राहत असे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावे म्हणून तिला किक मारण्यापूर्वी एका अंगावर आडवी करण्याची जी प्रथा होती, ती लक्षात घेतली तर ती चालताना जेवढी कलंडे त्यापेक्षा सुरू होताना अधिक कलंडत असे, आणि त्या वेळी टायर कोणता आहे याला महत्त्व नव्हते.

स्प्लेंडर आल्यावर ही देवघेव संपली, पण काटकसर संपली नाही. तिने रस्ता बदलला. स्प्लेंडरच्या पुढच्या आणि मागच्या टायरचे माप एकच असल्याने मागचा गोटा झाला की पुढचा अर्धवट झिजलेला टायर काढून मागे घालावा आणि नवा पुढे घालावा, ही युक्ती कोणत्याही पंक्चरवाल्याकडे ऐकायला मिळते. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या युक्तीतही परधर्म आहेच, कारण पुढच्या टायरला ‘४ पीआर’ आणि मागच्याला ‘६ पीआर’ अशी खूण असते. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, टायरच्या आतील कापडी थरांची ताकद दाखवणारा आकडा; तेव्हा चार थरांच्या ताकदीच्या टायरवर सहा थरांचा संसार बसवला जातो. त्याउपर टायरला चीर गेली तर आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे ‘गेटर’, लावून तो आणखी एक पावसाळा काढतो, आणि चाकाच्या दर फेऱ्याला ‘टक् टक्’ असा आवाज करून मालकाला आपल्या निष्ठेची जाणीव देत राहतो.

कायद्याची दृष्टी या बाबतीत स्वच्छ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाचा मूळ आराखडा यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी वाहनात करायच्या फेरफारांना कायद्यात वेगळी वाट ठेवली आहे, ती रास्तच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे टायर वाचवायला निघालेल्याकडून स्प्लेंडरचे दोन नवे टायर सहज येतील एवढी रक्कम दंडापोटी जाईल. खरा पेच पुढेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार टायरच्या नक्षीची किमान खोली दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर ठरवलेली आहे. मोटरसायकलला बसवलेला मोटारीचा टायर १.२ मिलिमीटरांवर आला तर तो दुचाकीचा म्हणून अजून तरुण समजायचा की मोटारीचा म्हणून मृत, याचा निर्णय करण्याची वेळ ओरोसच्या परिवहन कार्यालयावर आलेली दिसत नाही. रस्त्यावरच्या तपासणीतही टायरची पाळी शेवटी येते. हेल्मेट दुरून दिसते, बुलेटचा बदललेला सायलेन्सर दोन वळणे आधी ऐकू येतो, पण टायर मात्र बोलत नाही.

टायर बदलण्याचा विधी तिठ्यावरच्या दुकानात पाहण्यासारखा असतो. तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आणि तिथे टायरचे दुकान, चहाची टपरी आणि एसटीचा थांबा ही तिन्ही असतातच, त्यामुळे प्रेक्षकांची उणीव भासत नाही. मेस्त्री चाक खाली घेतो, वॉल्व काढून उरलेली हवा सोडतो, दोन पट्ट्या रिमच्या कडेत सारून टायर एका अंगाने उचकटतो आणि आतली ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवतो; बुडबुडे येतात त्या जागी थांबलेल्या सर्वांची नजर एकदम जाते आणि प्रत्येकाला आपल्यालाच भोक आधी दिसले असे वाटते. टायरच्या कडेला साबणाचे पाणी फासून तो पुन्हा चढवताना बीड रिमवर ‘फट्’ आवाज करून बसते, तेव्हा थांब्यावर झोपलेले कुत्रेही मान वर करते. अशा ठिकाणी एखादा तरुण रुंद टायरची कल्पना बोलून दाखवू लागला, की त्याची परीक्षा ठरलेल्या क्रमाने होते. पहिला प्रश्न ‘ह्या कित्याक?’, दुसरा ‘केवढ्याक पडतलो?’, आणि किंमत ऐकून झाल्यावर तिसरा ‘वळणार गाडी वळतली काय?’ या तीन प्रश्नांत प्रयोजन, अर्थशास्त्र आणि गतिशास्त्र यांचा समावेश होत असल्याने चौथ्याची गरज पडत नाही, परंतु चहा यायचा असतो म्हणून तो विचारला जातो. त्यावर तरुण सवयीचा मुद्दा काढतो, आणि इतका वेळ पट्टीवर जोर देत गप्प असलेला मेस्त्री मान वर न करता म्हणतो, ‘टायर दुसरो गावता, पाय दुसरो गावना नाय. पुढचो मागे घाल आणि गप ऱ्हव.’ अमेरिकेत ज्या वादावर वर्षानुवर्षे शाई खर्ची पडली तो इथे एसटी यायच्या आत मिटतो, आणि मिटवणाऱ्याने सुचवलेला उपायही नियमात बसत नाही याची तिथे कोणाला खंत नसते.

वास्तविक रबराच्या बाबतीत हा प्रदेश उपरा नाही. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत केरळी शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा आहेत, आणि सीमेपलीकडे गोव्याच्या फोंडा तालुक्यातील उसगाव येथे एमआरएफचा टायर कारखाना आहे. झाडही शेजारी, कारखानाही शेजारी, आणि टायरची किंमत मात्र दोघांना ओळखत नसल्यासारखी. म्हणूनच टायर निवृत्त झाला तरी त्याला इथे कोणी सोडत नाही. मालवणच्या धक्क्यावर आणि होड्यांच्या कडांना तो लाटांचे हादरे सोसत टांगलेला असतो, तारकर्लीच्या न्याहारी-निवास योजनेत त्याला पिवळा रंग देऊन त्यात अबोली लावलेली असते, आणि परसात विसरलेल्या टायरात पावसाचे पाणी साचून डासांची पैदास होते म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी त्याची चौकशी करत घरोघर हिंडत असतात.

या सर्व निवृत्तांमध्ये चर्मकाराची निवड विशेष मननीय आहे. चपलेला टायरचा तळ लावायचा तर तो मोटरसायकलचा गोल टायर बाजूला सारतो आणि मोटारीचा किंवा ट्रकचा सपाट टायर कापायला घेतो, कारण गोल तळावर माणूस डोलू लागतो. तेव्हा दोन टेकूंवर चालणाऱ्या वाहनाला मोटारीचा टायर बसवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात केव्हाच यशस्वी झालेला असून तो बाजाराच्या दिवशी जोडीने विकला जातो. त्यासाठी कलम ५२ आड येत नाही, बीड बसवावे लागत नाही, चेन घासत नाही, आणि नक्षी पार गोटा झाली तरी कोणी दंड करत नाही. हे वाहन वळताना कलंडत नसल्यामुळे सपाट तळाचा दोषही त्यात प्रकट होत नाही. अपवाद फक्त पत्रादेवीच्या पलीकडून रात्री उशिरा परतणाऱ्यांचा, आणि त्यांच्या बाबतीत कोणत्याही टायरची हमी कोणतीही कंपनी देत नाही.